ओलसर कोपऱ्यासाठी वाळुंज

घरामागे न्हाणीचं पाणी मुरतं किंवा शेतात पाटाच्या कडेला कायम ओल राहते, अशा जागी वाळुंज लावावा. विलोच्या कुळातलं हे आपलं देशी झाड ओढ्यानदीकाठी वाढतं. पुण्यात मुळा-मुठेच्या काठीही भेटतं. पानं लांबट, टोकदार, खालून पांढुरकी. नर्सरीत मिळणारा लोंबत्या फांद्यांचा विपिंग विलो मूळचा चीनचा, त्यावर समाधान मानू नये.

वाळुंजाची नर-मादी झाडं वेगळी असतात. थंडीत लोंबणारे फुलोरे येतात. नराचे पिवळे, परागाने माखलेले. मादीचे हिरवट, त्यांतून पुढे कापसासारखं म्हातारीचं बी उडतं. मध दोन्हींकडे असतो, पराग मात्र नराकडेच. जागा एकाच झाडापुरती असेल तर मी मधमाश्यांसाठी नर निवडेन. तो बहरात असतानाच हेरून ठेवावा, एरवी ओळखणं अवघड.

बी फार दिवस टिकत नाही, म्हणून छाट कलमच बरं. बोटाएवढी जाड, हातभर लांब फांदी मालकाला विचारून घ्यावी. डोळे वरच्या दिशेला ठेवून ती पावसाच्या तोंडावर ओल्या मातीत दोन तृतीयांश खोचावी. पहिला उन्हाळा पाणी तुटू देऊ नये. मुळं ओलीमागे लांब धावतात, त्यामुळे विहिरीचं बांधकाम, ड्रेनेजचे पाइप आणि सेप्टिक टँक यांपासून निदान तीस फूट अंतर ठेवावंच.

कोवळी पालवी फुटली की कॉमन लेपर्ड हे नारिंगी, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू अंडी घालायला येऊ शकतं. त्याच्या काटेरी अळ्या पानं कुरतडतात. कुरतडू द्याव्यात! औषध फवारलं तर झाड लावण्यालाच अर्थ उरत नाही. पानाखाली लटकलेला कोष अवश्य शोधा: हिरवागार, त्यावर लाल कडांचे चंदेरी ठिपके. अळ्या टिपायला शिंपी, चष्मेवाला असे पक्षीही येतात.

मोकळं सोडलं तर वाळुंज मोठा वृक्ष होतो. झुडूपच हवं असेल तर बहर ओसरल्यावर काही फांद्या बुंध्याजवळून छाटाव्यात. सगळ्या एकदम नकोत, नाहीतर पुढच्या थंडीत मधमाश्यांना काहीच उरणार नाही. छाटलेल्या काटक्या जाळू नयेत; कुंपणाकडेला रचून ठेवल्या तर त्यांत सरडे आणि भुंगेरे आसरा घेतात.