जळजळ रोजचीच असेल, तर एकदा तपासून घ्या

नार्नूरच्या बाजारात मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहा. "गॅस झालाय, छातीत जळजळतंय, एक पत्ता द्या," हे किती वेळा कानावर येतं बघा. रविवारी उपासना सुटल्यावरही तेच बोलणं. कुणी मिरचीला बोल लावतो, कुणी शिळ्या भाकरीला.

पण पोटाच्या या जुन्या दुखण्यामागे पुष्कळदा एक जंतू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो सापडला ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात. डॉ. रॉबिन वॉरेन यांना १९७९ साली जठराच्या तुकड्यात वाकडे जंतू दिसले. पोटातल्या ॲसिडात जंतू टिकतच नाही, असं तेव्हा शिकवलं जायचं. पुढं डॉ. बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. बशीत जंतू काही उगवेनात. दोन दिवस बघून बशा टाकून देत. १९८२ च्या ईस्टरला सुट्टी लांबली, बशा तशाच राहिल्या, आणि जंतू उगवले! १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू चक्क स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

हा जंतू स्वतःभोवती अमोनिया तयार करून ॲसिड बोथट करतो. बहुधा लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून किंवा घाण पाण्यातून पोटात शिरतो आणि औषध केलं नाही तर बहुतेकदा जन्मभर मुक्काम करतो. कित्येकांना काहीच त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो. थोड्यांच्या जठराचं अस्तर वर्षानुवर्षांच्या सुजेनं झिजतं, पेशी बदलतात आणि शेवटी कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९९४ मध्येच याला कॅन्सरच्या पक्क्या कारणांत घातलं.

म्हणून घाबरून जाऊ नका. भारतात हा जंतू पुष्कळांच्या पोटात आहे, पण हा कॅन्सर त्या मानानं कमी. मिझोराममध्ये मात्र तो फार आढळतो. तिथले बहुतेक लोक आपल्यासारखेच ख्रिस्ती. तिथल्या अभ्यासात तंबाखू, धुरावरचं मांस आणि खारवलेलं अन्न यांच्याकडे बोट दाखवलंय. म्हणजे जंतूला जोडीदार लागतात, आणि तंबाखू तर आपल्याही खिशात आहे.

माझ्या मामीनं बारा वर्षं अशाच गोळ्यांवर काढली. वजन उतरलं तेव्हा वय झालं म्हणाले. शौचाला काळी व्हायला लागली तेव्हा कुठं तिला आदिलाबादला नेलं. दुर्बीण घातली तोवर गाठ फार पुढं गेली होती. ते या जंतूमुळंच झालं असं मी म्हणणार नाही. तिची ती तपासणीच कधी झाली नव्हती.

तपासणी दुर्बिणीतून होते, तशीच श्वासाची किंवा शौचाचीही होते. ॲसिडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण ती साधारण दोन आठवडे बंद नसली तर जंतू असून दिसत नाही. औषध म्हणजे ॲसिड कमी करणारी गोळी आणि सोबत निदान दोन अँटिबायोटिक, बहुधा चौदा दिवस. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. अर्धवट औषधानं जंतू निगरगट्ट होतो. कोर्स संपल्यावर महिन्याभरानं पुन्हा तपासायचं. अस्तर फार बिघडण्याआधी जंतू गेला, तर कॅन्सरचा धोका कमी होतो. घरात आई-बाप, भावंडांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, उगाच वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या बाजाराची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.