नवतपा आणि कोंडलेले इलेक्ट्रॉन

३० मे २०२४ रोजी, ऐन नवतप्यात, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि देशभर बातमी झाली. हे केंद्र रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतजमिनीवरचं. त्याच दिवशी खापरीतल्या कापूस संशोधन संस्थेतलं केंद्र ४४ दाखवत होतं. ५६चा आकडा सेन्सरच्या बिघाडाचा होता, हे हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण ४४ अंश खरेच होते, आणि अशा दुपारी बंद गाडीत राहिलेल्या पोर्टेबल एसएसडीचं काय होत असेल, हा प्रश्न रास्त आहे.

एसएसडीत फिरणारी तबकडी नसते. तिच्यातली माहिती म्हणजे विद्युतरोधक थरांमध्ये कोंडलेले इलेक्ट्रॉन. ही कल्पना १९६७ सालची, बेल लॅब्जमधल्या दावोन कांग आणि सायमन झी यांची. कंपनीच्या कँटीनमध्ये जेवणानंतर थराथरांचा चीजकेक खाताना त्यांना सुचलं, की ट्रान्झिस्टरमध्येही मधे एक जादा थर घातला तर? त्या थरात शिरलेला विद्युतभार वीज गेल्यावरही तिथेच राहील! एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीची गोष्ट मात्र सहसा तोशिबाच्या फुजिओ मासुओकांपासून, १९८४ पासून सांगितली जाते. मासुओकांचं श्रेय मोठंच आहे. ते मिळवायला त्यांना कंपनीवर दावा लावावा लागला आणि २००६मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. पण कांग यांचं नाव इतकं मागे पडावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. मोहम्मद अटाला यांच्यासोबत आजचा मॉसफेट ट्रान्झिस्टर घडवणारेही तेच. १९९२मध्ये ते गेले, तेव्हा खिशात मावणारी एसएसडी घरोघर पोचली नव्हती.

आता उष्णतेकडे येऊ. कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात आणि तापमान वाढलं की जास्त वेगाने निसटतात. मेमरीच्या एका पेशीत चार बिट बसवायचे तर भाराच्या सोळा पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, म्हणून थोडीशी गळतीही तिथे महागात पडते. जेडेक या मानकसंस्थेच्या निकषानुसार घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. त्यापुढे दर पाच अंशांना ही मुदत साधारण निम्मी होते. २०१५मध्ये याच तक्त्यातला एक टोकाचा आकडा उचलून 'एसएसडी काही दिवसांत कोरी होते' अशा बातम्या झळकल्या. तो निकष लेखनक्षमता पूर्ण संपलेल्या ड्राइव्हसाठी आहे, ही अट त्या बातम्यांत नव्हती. नवी ड्राइव्ह याहून कितीतरी जास्त काळ टिकते. गाडीतल्या एका दुपारने तिच्यातलं काही पुसलं जात नाही.

खोक्यावरच्या आकड्यालाही अटी असतात. सेकंदाला १,०५० मेगाबाइट हा वेग सुरुवातीचा. आतला जलद राखीव भाग भरला किंवा चिप तापली की तो उतरतो. गेमसाठी घ्यायची तर आणखी एक अट: प्लेस्टेशन ५चे गेम यूएसबी ड्राइव्हवर नुसते साठवता येतात, खेळायचे तर आतल्या साठ्यात हलवावेच लागतात. प्लेस्टेशन ४चे गेम मात्र थेट चालतात. दुकानात हे क्वचितच सांगतात.

गेम गेला तर पुन्हा उतरवता येईल. घरातले फोटो एसएसडीवर टाकून ती कपाटात ठेवून देणार असाल, तर त्यांची दुसरी प्रत साध्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि उन्हाळ्यापूर्वी एकदा ड्राइव्ह जोडून फाइली उघडताहेत ना, ते पाहा.