बोलणं थांबलं, रेघ चालू राहिली

तलासरी तालुक्यातल्या धामणगावात १९३४ च्या सुमारास जन्मलेला एक वारली मुलगा. तो सातेक वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि त्यानं बोलणंच टाकलं. कुणाला काही सांगायचं झालं, तर तो खाली बसून धुळीत बोटानं चित्र काढायचा. जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं ही हकीकत सांगितली आहे. पुढे या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली, त्याची चित्रं युरोपातल्या संग्रहालयांत लागली. त्यामुळे धुळीतल्या चित्रांची गोष्ट दोन वाक्यांत आटोपते आणि लेखक लगबगीनं पॅरिसला पोचतो. वास्तविक रेंगाळायला हवं ते धामणगावातच. आई गेलेलं मूल गप्प होतं, हे समजण्यासारखं आहे. पण शाळा नाही, कागद नाही, शिकवणारं कुणी नाही, अशा मुलाच्या बोटाला चित्र सुचलं कुठून?

त्याचं उत्तर घराच्या भिंतीवर होतं. वारल्यांचं जुन्या पद्धतीचं घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणामातीचं लिंपण. लग्न निघालं की आतली भिंत नव्यानं सारवायची, तिच्यावर गेरूचा हात फिरवायचा आणि मग सवाशिणींनी चौक, म्हणजे लग्नाचं चौकटीतलं चित्र, लिहायला घ्यायचा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी दातांनी चावून टोकाला कुंचल्यासारखी मऊ करायची, साहित्य एवढंच. चौकटीच्या मधोमध पालघट देवी, शेजारच्या लहान देवचौकात पाचशिऱ्या देव. भोवती ताडमाड, वेली, मोर, खारी, शेतातली माणसं, वरातीतला घोडा. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते आणि देवीला बोलावते. चौक नसेल तर लग्न लागत नाही.

ही कला किती जुनी, याचे आकडे बरेच जण छातीठोकपणे देतात. दर लग्नाला ज्या भिंतीवर नवं शेण चढतं, तिच्यावर पुरावा कसा टिकणार, हे मात्र कुणी सांगत नाही. वर्तुळ सूर्य-चंद्रावरून आलं, त्रिकोण डोंगर-झाडांवरून, हे वाक्यही आता शाळेच्या हस्तकलेच्या तासाला पाठ झालं आहे. ते खोटं आहे असं नाही, पण त्यानं फारसं काही उलगडत नाही. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड, हे एकदा ठरलं की खरी करामत त्या टोकाच्या सांध्यात असते. सांधा जरा तिरका ठेवला की माणूस वाकतो, अजून तिरका केला की नाचतो. चेहरा नसतोच. काय चाललंय ते कंबर सांगते.

पोरक्या मुलानं हे व्याकरण भिंती बघून उचललं असणार. चौक लिहिणं बायकांचं काम, तेही लग्नापुरतं. अंगणातल्या धुळीला मात्र असा कुठलाच दंडक नव्हता. तिथं मुलग्यानं चित्र काढलं तर विधी बिघडत नव्हता, लग्न नसताना काढलं तरी कुणाची हरकत नव्हती. वारली चित्रकला विधीतून बाहेर पडून रोजची झाली, तिची सुरुवात मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद आणला तेव्हापासून मोजतात. ती मोजणी धुळीपासून करायला हवी.

मुलगा अकरा वर्षांचा झाला तेव्हा त्याच परिसरात वारल्यांचा उठाव झाला. १९४५ सालचा, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखालचा. ठिणगी पडली ती तलासरीजवळच्या झरी गावात. मागणी होती वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धत बंद करण्याची. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला नवरा-बायकोनं त्याच्याकडे वर्षानुवर्षं राबायचं, असा तो लग्नगडी. म्हणजे ज्या लग्नासाठी भिंतीवर देवी यायची, त्याच लग्नापायी माणूस गहाण पडायचा. एका मुलाच्या मौनाशी हा इतिहास जोडण्याचा मोह टाळलेलाच बरा. तरी त्या चौकांतली भरलेली शेतं आणि नाचती माणसं कुठल्या घरांत काढली जात होती, हे ठाऊक असावं.

याच सुमारास जिव्या डहाणू तालुक्यात गंजाड परिसरातल्या पाड्यावर राहायला आले आणि आयुष्यभर तिथलेच झाले.

भास्कर कुलकर्णी हे मुंबईच्या विणकर सेवा केंद्रातले चित्रकार. बिहारमध्ये १९६६-६७ ला दुष्काळ पडला, तेव्हा हस्तकला-हातमाग क्षेत्रातल्या पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं होतं. भिंती रंगवणाऱ्या तिथल्या बायकांना कागद द्यायचा आणि चार पैसे मिळवून द्यायचे, असं ते काम. मधुबनी चित्रं कागदावर आली ती त्यातून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते डहाणूकडे वळले. इथंही भिंती बायकांच्याच होत्या. पण एक पुरुष असा निघाला, की जो लग्न असो वा नसो, चित्रंच काढत बसलेला असे. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत जिव्यांची चित्रं लागली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार आणि फ्रान्समधल्या मेंतों इथलं प्रदर्शन.

कागद आणि कापड मिळाल्यावर जिव्यांनी काय केलं, ते जवळून बघण्यासारखं आहे. पार्श्वभूमी जुनीच, गेरूची किंवा शेणाची. काडीही बांबूचीच. बदलली ती रेघेची जाडी आणि चित्रातली गर्दी. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र प्रसिद्ध आहे. चौकटीचा बराचसा भाग जाळंच व्यापतं, केसाएवढ्या बारीक असंख्य रेघांचं. माणूस त्यापुढे इवलासा. लांबून पाहिलं तर जाळं फुगलेलं, पाण्याच्या ओढीनं ताणलेलं वाटतं. नाकाजवळ धरलं तर ध्यानात येतं, की कुठलीही रेघ पट्टीनं ओढल्यासारखी नाही. प्रत्येक रेघ किंचित थरथरते आणि त्या थरथरीमुळेच पाणी हलतं. मुंग्यांची वारुळं, भाताची शेतं, झाडाची पानं यांचंही तसंच. तारपा वाजवणाऱ्याभोवती हात गुंफून फिरणाऱ्या नाचणाऱ्यांची साखळी तर ते अशी गोल गोल आत ओढत नेत, की शेपूट कुठलं आणि डोकं कुठलं ते बोट ठेवून शोधावं लागतं.

माणसं, पक्षी, जनावरं, किडे, सगळं रात्रंदिवस हलत असतं आणि हे हलणं म्हणजेच जगणं, अशा अर्थाचं त्यांचं सांगणं प्रदर्शनांच्या पुस्तिकांतून नेहमी दिलं जातं. तत्त्वज्ञान म्हणून ते चटकन खपतं. पण शेतावर राबणाऱ्या माणसानं केलेलं ते साधं निरीक्षणही असू शकतं.

आता त्या गप्प मुलाला चित्रांनी सावरलं का, याविषयी. चित्र काढल्यानं मन सावरतं, या विचाराला आधुनिक वैद्यकात नाव मिळालं ते एका रुग्णामुळे. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ मध्ये क्षयानं आजारी होऊन मिडहर्स्टच्या आरोग्यधामात पडून होता. वेळ घालवायला तो पलंगाजवळच्या वस्तूंची चित्रं काढू लागला. त्याला बरं वाटू लागलं, तसं त्यानं इतर रुग्णांच्या हातीही पेन्सिली दिल्या. १९४२ मध्ये त्यानं या प्रकाराला ‘आर्ट थेरपी’ म्हटलं. निसर्ग नुसता पाहूनही बरं वाटतं, याचा पुरावा पुढे आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या रॉजर उल्रिचनं नोंदींवरून जुळवल्या. जोडीतल्या एकाला खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली. हा अभ्यास १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांच्या गटानं ३९ जणांना पाऊण तास चित्रं, माती, कोलाज अशा कामाला बसवलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. हात कसलेला आहे की नवखा, यानं फरक पडला नाही.

जिव्यांचं कॉर्टिसॉल कुणी मोजलं नव्हतं. सात वर्षांच्या मुलाच्या मौनाला आज बसल्या जागी निदान चिकटवण्यातही अर्थ नाही. पण या अभ्यासांवरून हल्ली जो सल्ला सर्रास दिला जातो, मनातलं दुःख कागदावर मोकळं करा, त्यात जिव्यांचं उदाहरण बसत नाही. त्यांच्या गाजलेल्या चित्रांत दुःख मोकळं केलेलं दिसतच नाही. मेलेली आई नाही, रडणारं मूल नाही, ‘मी’ नाही. आहे ती कामात गुंतलेली शेकडो माणसं आणि त्यांच्या दसपट पानं, मुंग्या, मासे. हा माणूस आत बघत नव्हता, टक लावून बाहेर बघत होता. आणि जे दिसलं ते मांडायला त्याला स्वतःची भाषा घडवावी लागली नाही. बायकांनी भिंतीवर लिहिलेली भाषा तयार होती. ती आख्ख्या पाड्याला वाचता येत होती. धुळीतलं चित्र बघणाऱ्याला कळत होतं, म्हणून बोलणं थांबलेलं पोर एकटं पडलं नाही.

निसर्गाची चित्रं काढली की माणूस आपोआप सावरतो, असं म्हणायला जावं तर सेराफिन लुई आड येते. फ्रान्समधल्या साँलिस गावात लोकांची धुणीभांडी, झाडलोट करणारी ही बाई. तीही स्वतःच शिकलेली. दिवसभराचं काम उरकलं की खोलीत एकटी फुलं-पानं रंगवायची. पिसांसारखी, डोळ्यांसारखी पानं, अंगावर येणारी. विल्हेल्म ऊडे या जर्मन संग्राहकानं १९१२ मध्ये तिला हेरलं. पहिल्या महायुद्धामुळे त्याला फ्रान्स सोडावा लागला, १९२७ मध्ये दोघांची पुन्हा गाठ पडली. मग आर्थिक मंदी आली, ऊडेची खरेदी थांबली. १९३२ मध्ये सेराफिनला मनोरुग्णालयात ठेवलं गेलं आणि तिथं तिनं पुन्हा कुंचला धरला नाही. १९४२ मध्ये ती तिथंच वारली. प्रतिभेत ती कमी नव्हती. तिची पानं वाचणारा एकच माणूस होता आणि तो गिऱ्हाईक होता, हा फरक लहान नाही.

जिव्यांची गिऱ्हाइकं गेली असती तरी शेत होतं, पाडा होता. जगभर फिरूनही ते गंजाडला परतत राहिले. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ या प्रदर्शनात, जिथं युरोप-अमेरिकेतले नामवंत आणि इतर खंडांतले अपरिचित कलाकार एकाच रांगेत मांडले होते, तिथं त्यांची चित्रं होती. जपानच्या निगाता प्रांतातल्या तोकामाची इथं तोकियो हासेगावा यांचं मिथिला संग्रहालय आहे. तिथंही जिव्यांनी जाऊन काम केलं. हिवाळ्यात पुरुषभर बर्फ पडणारा तो मुलुख, पण पिकवतो भातच. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराबरोबर त्यांचं संयुक्त प्रदर्शन झालं. हा लाँग गवतावरून जा-ये करून उमटलेली पायवाट हीच कलाकृती म्हणून मांडणारा. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी जिव्या गेले. सदाशिव आणि बाळू हे मुलगे चित्रं काढतात.

दरम्यान वारली चित्र सगळीकडे पोचलं आहे. कुर्त्यांवर, कपांवर, उड्डाणपुलांच्या खांबांवर, दिवाळीच्या पणत्यांवर. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी छापाच्या साच्यांना त्यानं फारसा आळा बसलेला नाही. साच्यातला तारपानाच ओळखायला सोपा: सगळ्या कमरा एकाच कोनात वाकलेल्या. ताण घालवण्यासाठी म्हणून शहरांत वारलीचे वर्गही चालतात. कैमल यांचे आकडे पाहता तिथं जाणाऱ्यांना पाऊण तासात थोडं हलकं वाटत असेलच, त्यात कुचेष्टा करण्यासारखं काही नाही.

बायकांचा हिशेब मात्र राहून गेला. कुलकर्णी आले तेव्हा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी होत्या. कागद आणि बाजार आल्यावर नावारूपाला आलेल्या वारली चित्रकारांत बहुतेक पुरुष आहेत. बाहेरगावी जाणं, विकणं, सही करणं पुरुषांना सोपं होतं. शिवाय भिंतीवरच्या चौकाखाली सही करायची रीत कधीच नव्हती. धामणगावात आणि गंजाडला लहानग्या जिव्यानं ज्या भिंती पाहिल्या, त्या लिहिणाऱ्या बायकांची नावं कुणी टिपून ठेवलेली नाहीत, आणि त्या भिंतींवर पुढच्या लग्नाचं शेण तर तेव्हाच चढलं.