हिवतापाचे दुर्लक्षित परजीवी

थंडी वाजून ताप आला की रक्त तपासले जाते आणि अहवालावर बहुधा दोनपैकी एक नाव येते : व्हायव्हॅक्स किंवा फाल्सिपेरम. भारतातील हिवतापाचे जवळजवळ सगळे रुग्ण या दोन परजीवींचेच असतात. मात्र माणसाला हिवताप देणारे आणखी तीन परजीवी आहेत : मलेरिई, ओव्हेल आणि नोलेसी. ते आपल्या अहवालांत क्वचितच सापडतात. मुळात ते विरळ आहेत हे खरे, पण त्यांचा शोध घेण्याची सोयही आपण फारशी केलेली नाही.

चौथ्या दिवशी उलटणारा ताप आपल्या वैद्यांना जुन्या काळापासून ठाऊक होता. चरकसंहितेत विषमज्वराच्या प्रकारांत ‘चतुर्थक’ आहे. लाव्हराँ यांना १८८० साली अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी दिसला. पुढे त्याच दशकात इटलीत गॉल्जी यांनी तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी येणाऱ्या तापांचे परजीवी वेगळे असल्याचे दाखवले. चौथ्या दिवसाचा तो मलेरिई. ओव्हेलचे वर्णन १९२२ साली स्टीफन्स यांनी केले.

मलेरिई रक्तात इतका थोडा असतो की तो सहज नजरेतून सुटतो. उपचार झाले नाहीत तर तो वर्षानुवर्षे, कधी दशकानुदशके शरीरात राहतो; मुलांत मूत्रपिंडाचा आजारही निर्माण करू शकतो. ओव्हेल हा व्हायव्हॅक्ससारखा यकृतात दडून बसतो. क्लोरोक्विनने रक्त साफ झाले तरी प्रायमाक्विन दिल्याशिवाय तो पुन्हा उलटू शकतो. अहवालावर कोणते नाव येते, त्यावर पुढचे औषध ठरते ते असे.

ओळख पटते ती स्लाइडवर. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताचा एक जाड ठिपका आणि एक पातळ थर एकाच काचेवर घेतात. जाड ठिपक्यात परजीवी आहे की नाही ते कळते, पातळ थरात तो कोणता ते. व्हायव्हॅक्सने ग्रासलेली तांबडी पेशी फुगते आणि तिच्यात बारीक ठिपके दिसतात. ओव्हेलमध्ये ती लांबट होऊन तिची एक कड झालरीसारखी फाटकी दिसते. मलेरिईमध्ये पेशी फुगत नाही. परजीवी तिच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्ट्यासारखा आडवा पसरतो. हे पाहायला मुरलेली नजर आणि वेळ लागतो. स्लाइड ‘निगेटिव्ह’ म्हणण्यापूर्वी जाड ठिपक्याची किमान शंभर क्षेत्रे तपासायची असतात. तापाच्या हंगामात टेबलावर स्लाइडींचा ढीग असताना लॅब टेक्निशियनवर किती ताण येत असेल, याची कल्पना करता येते.

गावोगावी आशाताईंच्या हाती असलेल्या झटपट चाचणीने दुर्गम पाड्यांवरचे असंख्य जीव वाचवले आहेत. पण आपल्या कार्यक्रमातले किट फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स या दोघांसाठी बनवलेले आहे. बाकीच्या परजीवींचा रुग्ण त्यात निगेटिव्ह ठरू शकतो.

मुरलेली नजरही फसते, हे मलेशियाने जगाला दाखवून दिले. बोर्निओ बेटावरील सारावाकच्या कापित विभागात मलेरिईचे रुग्ण फार आढळत. त्यांची वैशिष्ट्ये मात्र मलेरिईशी जुळत नव्हती : रक्तात परजीवी जास्त आणि रुग्ण बहुतेक मोठी माणसे. बलबीर सिंग, जॅनेट कॉक्स-सिंग आणि सहकाऱ्यांनी पीसीआर, म्हणजे परजीवीच्या जनुकांची तपासणी केली, तेव्हा मलेरिई सापडलाच नाही. २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार हिवतापाच्या २०८ रुग्णांपैकी १२० जणांना, म्हणजे ५८ टक्क्यांना, नोलेसीची लागण झालेली होती. हा माकडांचा परजीवी, जंगलातल्या डासांमार्फत माणसापर्यंत पोहोचणारा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचाही आडवा पट्टा दिसतो, म्हणून तो मलेरिई समजला जात होता. मलेरिई ७२ तासांनी वाढतो, नोलेसी दर २४ तासांनी. त्यामुळे रुग्ण झपाट्याने खालावतो. सारावाकमध्ये दगावलेल्या चार रुग्णांच्या स्लाइडींवर मलेरिई असेच निदान झाले होते, पीसीआरने तो नोलेसी ठरला.

या परजीवीचे आपल्या देशाशी जुने नाते आहे. सिंगापूरहून कोलकात्यात आणलेल्या माकडाच्या रक्तात तो १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सापडला. कोलकात्याच्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये नोल्स आणि दासगुप्ता यांनी १९३२ साली तो माणसाला बाधतो हे दाखवले. नोल्स यांचेच नाव त्याला मिळाले. अंदमान-निकोबारमध्येही त्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत.

मलेशियात २०१८पासून माणसाकडून माणसाकडे पसरणाऱ्या हिवतापाचा एकही स्थानिक रुग्ण नाही, तरी नोलेसीचे रुग्ण दरवर्षी हजारोंनी नोंदले जातात. भारताने २०३०पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच्या प्रमाणपत्रासाठी माणसांत पसरणाऱ्या चारही परजीवींचा स्थानिक प्रसार सलग तीन वर्षे थांबलेला असावा लागतो, त्यात मलेरिई आणि ओव्हेलही आले. डिसेंबर २०२०मध्ये केरळातील कण्णूरला सुदानहून परतलेल्या जवानाच्या रक्तात ओव्हेल सापडला, तो लक्षपूर्वक तपासणी झाली म्हणून. ओडिशातून मलेरिईच्या नोंदी झालेल्या आहेत; गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही शोध तितकाच नेटाने घ्यायला हवा.

प्रत्येक तापाच्या रुग्णाची पीसीआर करणे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. पण प्रत्येक जिल्ह्यातून ठरावीक नमुने, आणि निदान न जुळणारा प्रत्येक नमुना, पीसीआरसाठी पाठवणे आपल्याला शक्य आहे. ते व्हायलाच हवे. वाचकांना विनंती एवढीच : आफ्रिकेतून, मलेशियातून किंवा जंगलमुलखातून परतल्यावर ताप आला, तर कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना आपणहून सांगा. किट निगेटिव्ह आले आणि ताप तरीही उलटत राहिला, तर स्लाइड तपासून घ्या आणि परजीवी नेमका कोणता, हे विचारा.