मैफलीतील मोबाइल : चित्र टिकते, स्वर निसटतो

डिसेंबर उजाडला की देशभरात संगीताचा हंगाम सुरू होतो. चेन्नईत मार्गळी महिन्यातील कर्नाटक संगीताच्या मैफली, पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, नववर्षाच्या आरंभी अहमदाबादचा ‘सप्तक’ आणि जानेवारीच्या उत्तरार्धात कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद, अशी ही मालिका असते. अलीकडे तिला भव्य मैदानांवरील पाश्चात्त्य वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांचीही जोड मिळाली आहे. संगीताचे प्रकार भिन्न असले तरी या सर्व ठिकाणी एक दृश्य समान दिसते. कलाकार रंगात आला की अंधारात असंख्य छोटे पडदे उजळतात आणि समोरच्या व्यासपीठाकडे श्रोते त्या पडद्यांतून पाहू लागतात.

या सवयीविषयीची तक्रार बहुधा शिष्टाचाराच्या अंगाने केली जाते. मध्येच वाजणारी घंटा, डोळ्यांवर येणारा उजेड आणि मागच्या रांगेतील प्रेक्षकाच्या दृष्टीआड होणारे व्यासपीठ हे त्रास खरेच आहेत. परंतु प्रश्न त्याहून खोल आहे. चित्रीकरण करणारा श्रोता स्वतः काय ऐकतो आणि त्याच्याकडे पाहून गाणारा कलाकार काय गातो, या दोन्ही गोष्टींवर हातातील फोनचा परिणाम होत असतो.

डोळ्यांचा लाभ, कानांचा तोटा

छायाचित्रे घेतल्याने स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, याचा मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत तपशीलवार अभ्यास केला आहे. अमेरिकेतील फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेल्या प्रयोगात, ज्या वस्तूंची छायाचित्रे घेतली त्या वस्तू सहभागी व्यक्तींना केवळ पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र एखाद्या वस्तूचा विशिष्ट भाग जवळून टिपणाऱ्यांच्या बाबतीत अशी घट दिसली नाही. कॅमेऱ्यावर सारे सोपवून दिले की मन सैलावते, पण हेतुपूर्वक पाहिले तर तसे होत नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

संगीताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अलिक्झांड्रा बराश, क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही व्यक्तींना ध्वनिमुद्रित माहिती ऐकत प्रदर्शन पाहण्यास सांगितले. त्यांपैकी काहींना इच्छेनुसार छायाचित्रे घेण्याची मुभा होती. ज्यांच्याकडे कॅमेरा होता त्यांना पाहिलेले तपशील इतरांपेक्षा अधिक चांगले आठवले, मात्र ऐकलेली माहिती कमी आठवली. कॅमेरा स्मृती सरसकट दुबळी करत नाही, तर अवधान कानांकडून डोळ्यांकडे वळवतो, हे यातून स्पष्ट झाले. हा प्रयोग मैफलीत झालेला नव्हता. तरीही ज्या कलेचा गाभाच श्रवण आहे, तिच्या बाबतीत हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

यामागील प्रक्रियेवर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधनाने प्रकाश टाकला आहे. निली लावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, दृष्टीचे अवघड काम करण्यात गुंतलेल्या व्यक्तींना त्याच वेळी वाजवलेला मंद आवाज अनेकदा ऐकूच येत नाही. २०१५ मधील अभ्यासात अशा प्रसंगी ध्वनीला मिळणारा मेंदूचा सुरुवातीचा प्रतिसादच क्षीण झाल्याचे दिसले. मेंदूची अवधानशक्ती मर्यादित असते आणि डोळे व कान तिचे वाटेकरी असतात. चौकट सांभाळणे, हात स्थिर ठेवणे, पुढच्या व्यक्तीचे डोके टाळणे आणि चित्रण सुरू आहे ना हे तपासणे, या प्रत्येक कृतीचे मोल श्रवणातून चुकवावे लागते.

आनंदाच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. याच संशोधकांपैकी काहींच्या २०१६ मधील अभ्यासात, छायाचित्रे घेतल्याने माणूस अनुभवात अधिक गुंततो आणि त्याला अधिक आनंद मिळतो, असे दिसून आले. मात्र छायाचित्रणाचा अनुभवात व्यत्यय येत असेल तर हा लाभ मिळत नाही. पुढे २०१८ मध्ये त्यांनी असेही दाखवले की, स्वतःच्या आठवणीसाठी छायाचित्र घेणाऱ्यापेक्षा समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी ते घेणाऱ्याचा आनंद कमी असतो. आपण इतरांना कसे दिसू, ही चिंता त्या क्षणात शिरकाव करते.

दाद देणारे हात

भारतीय रागसंगीतात श्रोता हा मैफलीचा सहभागी घटक असतो. ख्याल असो वा रागम्-तानम्-पल्लवी, बहुतांश गायन जागेवरच आकार घेते. समेवर डोलणारी मान, एखाद्या अवघड जागेवर नकळत उमटणारा उद्गार, कर्नाटक मैफलीत टाळीने आणि बोटांनी ताल धरणारे हात, यांतून आपण कुठवर पोहोचलो हे कलाकाराला कळते आणि पुढची दिशा सुचते. फोन धरलेला हात ताल धरू शकत नाही. उजळलेल्या पडद्यामागचा चेहराही कलाकाराला वाचता येत नाही.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. तत्क्षणी सुचणाऱ्या संगीतात जोखीम असते. एखादी तान फसते, एखादा लयीचा हिशेब चुकतो आणि कलाकार हसून पुन्हा समेवर येतो. जाणकार श्रोते त्या धाडसालाही दाद देतात. पण तोच चुकलेला क्षण संदर्भाविना घरोघरी पोहोचण्याची शक्यता असेल, तर कलाकाराने आधी घोटलेल्या, खात्रीच्या जागाच मांडणे स्वाभाविक ठरते. असे झाले तर फोन न वापरणाऱ्या रसिकाचेही तितकेच नुकसान होते.

तीन मिनिटांचा जुना प्रश्न

ध्वनिमुद्रण आणि मैफल यांचे नाते नवे नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्या अवधीत रागाचे कोणते रूप मांडायचे, हे मात्र गायिकाच ठरवत होती. आज समाजमाध्यमांवरील छोट्या चित्रफितीही काही सेकंदांपासून तीनेक मिनिटांच्या असतात, पण कोणता तुकडा कापायचा हे चित्रीकरण करणारा ठरवतो. साहजिकच द्रुत तान किंवा झाला निवडला जातो. ज्या विलंबित बढतीमुळे त्या तानेला अर्थ आला, ती गळून पडते.

फोनच्या ध्वनिमुद्रणाच्याही मर्यादा आहेत. आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा मंद स्वर उचलते आणि मोठा दाबते. त्यामुळे हलक्या आणि खुल्या आवाजातील ज्या फरकावर भाव अवलंबून असतो, तो पुसट होतो.

असे असले तरी ध्वनिमुद्रणाला शत्रू मानणे योग्य ठरणार नाही. अनेक दिवंगत कलाकारांच्या खासगी मैफली आज ऐकायला मिळतात, त्या ध्वनिफितींवर जपणाऱ्या रसिकांमुळेच. मात्र त्यांचे यंत्र एका बाजूला ठेवलेले असे. ते एकदा सुरू केले की रसिक ऐकायला मोकळा होई. फोन मात्र सतत हात आणि डोळा मागतो.

कायदा आणि उपाय

प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ नुसार आपल्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण करण्याचा आणि ते जनतेपर्यंत पोहोचवण्याचा हक्क कलाकाराला आहे. हा हक्क ५० वर्षे टिकतो. केवळ खासगी वापरासाठी केलेल्या मुद्रणाला कायद्याने सूट दिली आहे. म्हणजेच स्वतःसाठी टिपलेली चित्रफीत आणि परवानगीविना सर्वांसाठी खुली केलेली चित्रफीत यांत कायदा भेद करतो. याशिवाय तिकिटाच्या अटींद्वारे आयोजक चित्रीकरणावर बंदी घालू शकतात.

महाराष्ट्रात हा वाद रंगभूमीवरही गाजला. प्रयोगादरम्यान वाजणाऱ्या फोनना कंटाळून अभिनेते सुबोध भावे यांनी २०१९ मध्ये नाटकात काम न करण्याचा विचार जाहीरपणे मांडला होता. त्यानंतर नाट्यगृहांत जॅमर बसवण्याची चर्चा झाली. परंतु केंद्र सरकारच्या परवानगीविना जॅमर वापरणे बेकायदा आहे. शिवाय जॅमरने घंटा थांबेल, कॅमेरा थांबणार नाही.

अमेरिकेत २०१४ मध्ये स्थापन झालेल्या ‘योंडर’ या कंपनीने कुलूपबंद पिशवीचा मार्ग काढला. फोन त्या पिशवीत बंद होऊन मालकापाशीच राहतो आणि सभागृहाबाहेर येऊन ती उघडून घेता येते. बॉब डिलन आणि जॅक व्हाइट यांच्या कार्यक्रमांत ही पद्धत वापरली गेली आहे. भारतात तिकीट, खाद्यपदार्थांचे पैसे आणि रात्रीचे परतीचे वाहन, सारे फोनवरच असते. घरी आजारी माणूस असेल तर संपर्काचीही काळजी असते. त्यामुळे सरसकट बंदी सर्वांना सोयीची ठरेलच असे नाही.

मधला मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. ‘कोल्डप्ले’चे गायक ख्रिस मार्टिन कार्यक्रमातील एका गाण्यापुरते फोन खाली ठेवण्याची विनंती श्रोत्यांना करतात. याच वाद्यवृंदाच्या २६ जानेवारी २०२५ रोजीच्या अहमदाबाद येथील कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपणही झाले होते. मैदानातील लाखाहून अधिक प्रेक्षकांपैकी कोणी एकही दृश्य टिपले नसते, तरी नोंद राहिलीच असती.

शास्त्रीय संगीताच्या आयोजकांनाही हे सूत्र उपयोगी पडू शकते. मैफलीच्या आरंभी चित्रीकरणासाठी काही मिनिटे राखून ठेवावीत, त्यानंतर फोन खिशात ठेवण्याची विनंती कलाकाराने स्वतः करावी आणि त्याच्या संमतीने केलेले दर्जेदार ध्वनिमुद्रण आयोजकांनी नंतर उपलब्ध करून द्यावे. नोंद आपल्याला मिळणार आहे, याची खात्री असलेल्या श्रोत्याला ती स्वतः करत बसण्याचे कारण उरत नाही. मग त्याचे कान आणि हात, दोन्ही मैफलीसाठी मोकळे होतात.