साहसवीराचे मनगटी घड्याळ

लखनौच्या हुसैनाबादेतील घंटाघर १८८० च्या दशकात उभे राहिले. १९८४ मध्ये त्याचे घड्याळ थांबले. २०११ मध्ये जाणत्या हातांनी ते पुन्हा चालते केले. वाचकहो, जुन्या काळच्या साहसवीराला शोभेल असे मनगटी घड्याळ निवडताना आपणही हेच तत्त्व ध्यानी ठेवावे : जे दुरुस्त होते तेच टिकते.

हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ पासून बंगळूरला घडविलेली किल्लीची घड्याळे या कसोटीस उतरतात. तो घड्याळ-उद्योग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला; तेव्हा सुटे भाग मिळतील ना, हे कारागिरास आधी विचारावे.

नव्याने रंगविलेल्या तबकडीला भुलू नये. मागील झाकण उघडवून आत गंज नाही ना, ते पाहावे. पूर्ण किल्ली देऊन २४ तासांत घड्याळ किती मागेपुढे होते, हे ताडून घ्यावे. झाकणावर ‘जलरोधक’ असे कोरलेले असले, तरी आतील रबरी कडे वर्षांगणिक कडक होते. म्हणून नदी ओलांडताना घड्याळ काढून कोरडे ठेवावे. डोंगरात परतीची वेळ चुकली, तर अंधार वाटेतच गाठतो. इतकी चिकित्सा करावयाची ती त्याचसाठी.