कारंज्याच्या पेट्या काय सांगतात

२०२४च्या विधानसभा निवडणुकीत कारंजा मतदारसंघात घराणी आणि चिन्हं यांची चक्क अदलाबदल झाली. राजेंद्र पाटणी २०१४ आणि २०१९ साली इथून भाजपचे आमदार झाले होते; फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचे चिरंजीव ज्ञायक पाटणी उभे राहिले ते शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून. भाजपने उमेदवारी दिली सई डहाके यांना. त्यांचे पती प्रकाश डहाके २००९ साली इथूनच राष्ट्रवादीच्या तिकिटावर निवडून आले होते. सई डहाके जिंकल्या.

मतदार घराण्याच्या मागे जातो की चिन्हाच्या? एरवी घर आणि चिन्ह एकमेकांना चिकटलेली असतात, म्हणून हे कळायला मार्गच नसतो. इथे दोन्ही सुटी झाली. आणि खरं नवल पुढेच आहे: याचा माग गल्लीपर्यंत काढता येतो.

मतमोजणी आटोपली की निवडणूक आयोग एक तक्ता जाहीर करतो, नमुना २०. एका ओळीत एक मतदान केंद्र. पुढच्या रकान्यांत प्रत्येक उमेदवाराची मतं, मग नोटा, मग बेरीज. टपाली मतं वेगळी लिहिलेली, कारण त्यांना केंद्रच नसतं. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार, म्हणजे शहरात काही गल्ल्या. तुमचं मत कुणालाही कळत नाही, पण तुमच्या गल्ल्यांची बेरीज छापून येते.

कारंज्यासारख्या शहरात या ओळी वाचताना मी थक्क होतो. जैनांची जुनी मंदिरं, नृसिंह सरस्वतींचं गुरुमंदिर, मुस्लिम मोहल्ले, बाजारपेठ, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मतदारसंघ पुढे मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांपर्यंत, पोहरादेवीपर्यंत पसरलेला. एका विधानसभा मतदारसंघासाठी मतमोजणीला साधारणपणे १४ टेबलं मांडतात, म्हणजे एका फेरीत १४ केंद्रं. यंत्रं येऊन इतकी वर्षं झाली तरी बाहेर उभे असलेले कार्यकर्ते अजून ‘पेट्या’च म्हणतात: आता शहराच्या पेट्या निघतील, आता मानोऱ्याच्या. कुठल्या फेरीत लीड तुटणार, याचा त्यांचा हिशेब या जुन्या तक्त्यांवरच बेतलेला असतो.

पण इथेच डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. समजा, एका केंद्रावर ६०० मतं पडली. ३०० एका समाजाची, ३०० दुसऱ्याची. निकाल लागला ३००-३००. लगेच कुणी म्हणेल, हे सगळे इकडे, ते सगळे तिकडे. पण दोन्ही समाज आतून अर्धे-अर्धे विभागले असते, तरी आकडे हेच आले असते! तक्त्यात या दोन अगदी वेगळ्या गावांचा चेहरा सारखाच दिसतो. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १९५०मध्ये असंच कोडं दाखवलं: परदेशात जन्मलेले लोक ज्या राज्यांत जास्त, तिथे निरक्षरता कमी, प्रत्यक्षात त्या लोकांमध्ये ती जास्त. समूहाच्या बेरजेतून माणूस वाचता येत नाही. ‘अमुक वस्ती अमुक पक्षाची’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. कारंजा ज्या जिल्ह्यात येतं, त्याच वाशिमने १९७७मध्ये वसंतराव नाईकांना लोकसभेत पाठवलं, आणि १९८० व १९८४मध्ये काश्मीरच्या गुलाम नबी आझादांना. वस्तीवर शिक्का मारणाऱ्याला हे आधी सुचलं असतं का?

शिवाय या उघडेपणाची भीतीही आहे. कुठल्या गल्लीने मत दिलं नाही, हे कळलं की रस्ता, नळ, नाली यांत तिच्यावर डूख धरता येतो. मतपत्रिकांच्या काळात आयोग ठरवील तिथे वेगवेगळ्या पेट्यांतली मतं एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रांत ती सोय उरली नाही. अनेक यंत्रांची मतं एकदम मोजणारं टोटलायझर वापरावं, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५मध्ये केली. ती अमलात आली नाही. मला वाटतं, टोटलायझर यायला हवं होतं, माझ्यासारख्यांचा हा तक्ता त्यामुळे हातचा गेला असता तरीही. गल्लीचं पाणी माझ्या कुतूहलापेक्षा मोठं आहे.

तोवर कारंज्याचं कोडं ज्याला सोडवायचं असेल त्याने २०१९ आणि २०२४चे तक्ते शेजारी ठेवावेत. जिथे कमळाची मतं टिकली आणि पाटणींची गेली, तिथे चिन्ह जिंकलं. जिथे उलट झालं, तिथे घर. मात्र केंद्रांचे क्रमांक जसेच्या तसे जुळवू नयेत. केंद्रं फुटतात, सरकतात, आणि २०२५मध्ये आयोगाने एका केंद्राची मर्यादा १२०० मतदारांवर आणल्याने पुढच्या तक्त्यांत ती आणखी फुटतील. आधी दोन्ही वेळच्या मतदार याद्यांतल्या गल्ल्या जुळवाव्या लागतील, आणि मग आकडे.